कशाचा निम्मा?

सहावीचं वर्ष लागलं की मुलांचा गणितावरचा विश्वास पहिल्यांदा डळमळतो. तोवर दोन गोष्टी त्यांनी पक्क्या धरलेल्या असतात: गुणलं की वाढतं, भागलं की कमी होतं. पाढ्यांत तसंच झालेलं असतं, किराणा दुकानातल्या हिशेबातही तसंच. मग एक दिवस फळ्यावर अर्धा गुणिले अर्धा येतो आणि उत्तर निघतं पाव. दुसऱ्या दिवशी तीन भागिले पाव येतो आणि उत्तर निघतं बारा. विचार करणारं पोर इथे अडतं. "बाई, गुणलं तर कमी कसं झालं?" संध्याकाळी माझ्या ओट्यावर शिकायला येणाऱ्या मुलांपैकी कुणी ना कुणी हे दरवर्षी विचारतं. ज्या वर्षी कुणीच विचारत नाही, त्या वर्षी मला जास्त काळजी वाटते.

बहुतेक ठिकाणी या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, रीत मिळते. अंशाला अंशाने गुणा, छेदाला छेदाने गुणा. भागाकार असेल तर दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा. रीत बिनचूक आहे. दोन दिवसांत पाठ होते, परीक्षेत पैकीच्या पैकी मार्कही मिळवून देते. पण ज्याला शंका आली होती ते मूल त्या दोन दिवसांत एक वाईट गोष्ट शिकतं: गणित पटावं लागत नाही, पाळावं लागतं. पुढे आठवी-नववीत बीजगणिताची जी भीती दिसते, तिची सुरुवात मला नेहमी याच धड्यात सापडली आहे.

मी हे पळसदेवमध्ये बसून लिहिते आहे. पुणे-सोलापूर महामार्गावरचं, उजनीच्या फुगवट्याकाठचं हे इंदापूर तालुक्यातलं गाव. जुनं पळसदेव भीमेच्या पाण्याखाली गेलं आणि गाव वर येऊन वसलं. धरण फार खाली गेलं की पळसनाथाचं जुनं देऊळ उघडं पडतं, तसं ते 2024 च्या उन्हाळ्यातही पडलं होतं. इथल्या मुलांना अपूर्णांक नवा नसतो, हे मला पहिल्यांदा सांगायचं आहे. सामाईक विहिरीत आपला चार आणे हिस्सा आहे, म्हणजे सात दिवसांच्या फेऱ्यात आपल्याला पावणेदोन दिवस पाणी, हे चौथीतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्याच हिस्स्यात चुलत्याशी वाटणी झाली तर एकेकाच्या वाट्याला एकवीस तास येतात, हेही घरात बोललं जातं. ऊसतोडीला आलेल्या टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल आणि मजुरी त्याच मापाने ठरते. अशी मुलं शाळेत येतात आणि पुस्तकात पोळीचे चार तुकडे बघतात.

आमच्या आधीच्या पिढ्या अपूर्णांक पाठ करायच्या. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनाचा पाढा. पंतोजींच्या शाळेतून निघालेला, इंग्रजी अक्षर न वाचलेला माणूस सव्वासात मणांचे साडेतीनच्या भावाने किती, हे चालता चालता सांगायचा. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली. सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला आणि या पाढ्यांचं रोजचं काम संपलं. ते परत यावेत असं माझं म्हणणं नाही. पाठांतराचं ओझं पुष्कळ होतं, आणि ते पेलणारी मुलं बहुतेक विशिष्ट जातींची आणि सगळी मुलगेच असत. पण त्या पाढ्यांत अपूर्णांक हा आकडाच होता. साडेतीन ही संख्या सातासारखीच सरळ म्हटली जायची. आजच्या मुलाला सात छेद दोन दिसतो तेव्हा त्याला एक संख्या दिसत नाही, मध्ये रेघ मारलेल्या दोन संख्या दिसतात.

अपूर्णांकांशी या तालुक्याचं नातं याहून जुनं आहे, आणि ते इथल्या मुलांना कुणी सांगत नाही. इंग्रजी अमदानीच्या सुरुवातीला प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात जमीनमोजणी आणि सारा-आकारणी केली. तिच्यातला आकार अव्वाच्या सव्वा निघाला. लोक जमिनी टाकून जाऊ लागले. मग गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोघांनी ते काम नव्याने हातात घेतलं आणि इंदापूर तालुक्यापासून सुरुवात केली. 1836 साली इथे तीस वर्षांसाठी सारा ठरला. मुंबई इलाख्याची रयतवारी मोजणी जिथून पसरली ती ही जागा. इथल्या अनुभवावरून पुढे 1847 च्या संयुक्त अहवालात जमिनीची प्रत ठरवण्याचं कोष्टक पक्कं झालं. ते वाचताना मला पाढेच आठवतात. मातीची खोली पावणेदोन हात, दीड हात, सव्वा हात, एक हात, पाऊण हात, अर्धा हात, पाव हात. उत्तम काळ्या मातीत या उतरत्या खोलीला उतरते आणे: सोळा, चौदा, बारा, दहा, आठ, सहा आणि साडेचार. मुरूम, चुनखडी, उतार असा दोष सापडला की प्रत एका पायरीने खाली.

आता साडेपाच एकरांचं एक शेत घ्या. प्रत दहा आणे ठरली. पूर्ण सोळा आणे जमिनीला एकरी एक रुपया दर धरला, तर सारा किती? साडेपाच गुणिले दहा छेद सोळा. तीन रुपये सात आणे. ज्या शेतकऱ्याला हा गुणाकार येत होता तो कारकुनासमोर बोलू शकत होता. ज्याला येत नव्हता तो सांगितलेली रक्कम भरत होता.

त्याच मोजणीने आपल्याला दिलेली आणखी एक गोष्ट अजून आपल्या बोलण्यात आहे: तेहतीस फुटांची साखळी. तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो एक गुंठा, म्हणजे एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर आता हेक्टर आणि आर आले, पण गावात जमिनीचा सौदा गुंठ्यातच होतो.

"गुणलं तर कमी कसं झालं?" या प्रश्नाला मी याच साखळीने उत्तर देते. तेहतीस फुटांचा सुताचा दोर घेते, त्याला सारख्या अंतरावर गाठी मारून सोळा भाग पाडते. मोकळ्या जागेत फक्कीने एक गुंठ्याचा चौकोन आखते. मुलं चारही बाजूंवर उभी राहतात. मग एकीला सांगते, या बाजूची निम्मी साखळी धर. दुसऱ्याला सांगते, त्या बाजूची निम्मी धर. दोघांच्या मधला चौकोन आखला की सगळ्यांना दिसतं: असे चार चौकोन गुंठ्यात बसतात. अर्धी साखळी गुणिले अर्धी साखळी बरोबर पाव गुंठा. कुणी काही समजावून सांगावं लागत नाही. मग पाऊण साखळी लांब आणि अर्धी साखळी रुंद असा तुकडा आखतो. एक बाजू चार भागांत तोडायची, दुसरी दोन भागांत. गुंठ्याचे आठ सारखे तुकडे पडले. चार दुणे आठ: म्हणून छेदाला छेदाने गुणायचं. त्यांतले आपल्या हद्दीत आले तीन. तीन एके तीन: म्हणून अंशाला अंशाने गुणायचं. तीन अष्टमांश गुंठा, म्हणजे साखळीच्या भाषेत सहा आणे. खात्री हवी असेल तर गाठी मोजा. बारा गाठी गुणिले आठ गाठी म्हणजे शहाण्णव बारके चौकोन, आणि अख्ख्या गुंठ्यात दोनशे छप्पन्न. संक्षेप दिला की पुन्हा तीन अष्टमांशच. पायाखालच्या जमिनीवर हे एकदा पाहिलेलं मूल रीत विसरलं तरी ती पुन्हा उभी करू शकतं.

या आखणीत मुलांना खरी कळते ती एक वेगळीच गोष्ट. अपूर्णांक एकटा कधी नसतो. तो कशाचा तरी असतो. अर्धा, तर कशाचा अर्धा? साखळीचा की गुंठ्याचा? पाव, तर कशाचा पाव? गुणाकार करताना हे "कशाचा" बदलत जातं आणि सगळा गोंधळ तिथेच असतो. उजनीच्या बातम्या वाचणाऱ्या मोठ्या माणसांचाही असाच गोंधळ होतो. धरण शून्य टक्क्यांवर आलं की बाहेरगावचे लोक विचारतात, मग पाणी दिसतं ते कसलं? उजनीची पूर्ण साठवण सुमारे 117 टीएमसी. त्यांतला उपयुक्त साठा साडेत्रेपन्न टीएमसीच्या आसपास आणि मृतसाठा त्रेसष्टच्या वर. टक्केवारी मोजतात ती उपयुक्त साठ्याची. म्हणजे बातमीत शून्य असताना धरण निम्म्याहून जास्त भरलेलं असतं, आणि उणे पन्नास टक्के म्हणजे साडेत्रेपन्नाच्या निम्मं पाणी मृतसाठ्यातून काढलेलं असतं. पूर्ण कोणतं, ते ठरल्याशिवाय टक्क्याला अर्थ नाही.

भागाकार याहून अवघड, आणि माझ्या मते याहून सुंदर. सुरुवात सोपी आहे. घरात जुनी मापं असली तर फारच सोपी. पायली म्हणजे चार शेर, चिपटं म्हणजे पाव शेर. पायलीभर ज्वारीत चिपटी किती? मुलं ज्वारी भरतात, ओततात, मोजतात. सोळा. चार भागिले पाव बरोबर सोळा. भागाकार म्हणजे नेहमी वाटून देणं नव्हे. एक माप दुसऱ्यात किती वेळा मावतं, हेही भागाकारच सांगतो. माप जितकं लहान तितक्या जास्त वेळा ते भरावं लागणार. इथवर सगळे येतात.

कस लागतो तो पुढे. मी विचारते, साडेतीन एकर ऊस आहे. विजेच्या एका पाळीत पाऊण एकर भिजतो. किती पाळ्या लागतील? मुलं हिशेब बोलत करतात. चार पाळ्यांत तीन एकर झाले. राहिला अर्धा एकर. म्हणून उत्तर साडेचार पाळ्या. जवळजवळ सगळे हेच सांगतात, आणि ते चूक आहे हे त्यांना पटत नाही. अर्धा राहिला तर अर्धी पाळी, यात चुकलं कुठे?

वीज आठ तास आहे असं धरा. अर्ध्या पाळीत चार तास मोटर चालली. आठ तासांत पाऊण एकर, म्हणजे तीस गुंठे. चार तासांत पंधरा गुंठे. पण राहिले होते वीस. पाच गुंठे ऊस कोरडा राहिला. हे ऐकल्यावर शेतकऱ्याचं पोर सावध होतं. पाच गुंठे ऊस वाळला तर घरी काय होतं ते त्याला माहीत असतं. राहिलेला अर्धा एकर हा एकराचा अर्धा आहे, पाळीचा नाही. पाळीचं पूर्ण तीस गुंठ्यांचं. वीस गुंठे म्हणजे त्याचे दोन तृतीयांश. उत्तर चार पूर्णांक दोन तृतीयांश पाळ्या. शेवटच्या दिवशी पाच तास वीस मिनिटं मोटर चालवायची. पुन्हा तोच प्रश्न: कशाचा अर्धा?

मग उलटा का करायचा? याच शेतात उभं राहून विचारायचं. एका पाळीत पाऊण एकर, तर एका एकराला किती पाळ्या? एक पूर्ण पाळी, आणि उरलेल्या दहा गुंठ्यांना पाळीचा तिसरा भाग. म्हणजे चार तृतीयांश पाळ्या. तीन छेद चार उलटून चार छेद तीन झाला तो असा. कुणी जादूने उलटला नाही. एकरात किती पाळ्या, हा पाळीत किती एकर याचा उलटा प्रश्न आहे. एकराला चार तृतीयांश, तर साडेतीन एकरांना त्याच्या साडेतीन पट. म्हणून गुणायचं. पुस्तकात याला गुणाकार व्यस्त म्हणतात आणि तो शब्द मुलांना यावा, पण या एका एकराच्या प्रश्नानंतर.

ही रीत आपल्याकडे नवी नाही. ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात ती लिहून ठेवली. भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या लीलावतीतही भाजकाचे अंश-छेद उलटून गुणाकारासारखं करा असंच सांगितलं आहे. चाळीसगावजवळ पाटण इथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून मठ काढला. त्याला दिलेल्या दानाचा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला, आणि त्या लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. आठशे वर्षांपूर्वी या मातीत गणित शिकण्यासाठी जमीन आणि बाजारातला हिस्सा लावून दिला जात होता, हे मला मुलांना सांगावंसं वाटतं आणि मी सांगते.

पण अपूर्णांकांच्या गुणाकाराने खरंखुरं आयुष्य कसं बदलतं, हे सांगायचं तर मी सांगलीच्या एका दाव्याकडे जाते. खंडाप्पा मगदूम 1960 मध्ये वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. हिराबाईंनी वाटणीसाठी सांगलीच्या न्यायालयात दावा लावला आणि मागितला सात चोविसांश हिस्सा. त्यांचा हिशेब असा: पतीच्या मृत्यूआधी वाटणी झाली असती तर पती, पत्नी आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी पाव मिळाला असता. मुलींना तेव्हा त्या वाटणीत जागा नव्हती. मग पतीचा पाव सहा वारसांत वाटायचा: एक चतुर्थांश गुणिले एक षष्ठांश, एक चोविसांश. हिराबाईंचा स्वतःचा पाव म्हणजे सहा चोविसांश. बेरीज सात चोविसांश. खालच्या न्यायालयाने त्यांना फक्त एक चोविसांश दिला. उच्च न्यायालयाने सात दिले. मुलगा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1978 मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या निकालाने सात चोविसांश कायम झाले. चोवीस एकर असते तर एक एकर की सात एकर, एवढा हा फरक. गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम हा निकाल हिंदू वारसा कायदा शिकणाऱ्याला आजही वाचावा लागतो.

महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि संसदेने 2005 मध्ये मुलींना जन्मतः समान हक्क दिला. आज नेमकं तसंच कुटुंब असेल तर? पती, पत्नी, दोन मुलगे, तीन मुली: सात हिस्से, प्रत्येकी एक सप्तमांश. पतीचा सप्तमांश पुन्हा सहांत वाटला की एक बेचाळिसांश. सात जणांपैकी उरलेल्या प्रत्येकाला एक सप्तमांश अधिक एक बेचाळिसांश. समच्छेद करा: सात बेचाळिसांश, म्हणजे बरोबर एक षष्ठांश. आई, मुलगे, मुली, सगळ्यांना सारखं. मुलीचा हिस्सा एक चोविसांशावरून एक षष्ठांशावर आला, चौपट झाला. मुलींना हे उदाहरण घालते तेव्हा त्या उत्तर दोनदा तपासतात.

हक्क कायद्याने मिळतो, पण तो किती, हे कागदावर मांडता यावं लागतं. माझ्या ओळखीच्या कितीतरी बायकांनी हक्कसोडपत्रावर अंगठा किंवा सही केली ती आपण नेमकं किती सोडतो आहोत हे न कळता. सोडायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. भावाच्या मायेपोटी कुणी सोडत असेल तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण आकडा समोर असावा.

म्हणून शिक्षकांना आणि आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे. अपूर्णांकांचा धडा आला की रीत दोन दिवस उशिरा सांगा. आधी दोर घेऊन गुंठा आखा, चिपट्याने पायली मोजा, विहिरीच्या पाळीचे तास काढा. आणि धडा संपेल त्या दिवशी घरचा सातबारा काढून खातेदारांची नावं मुलीसमोर ठेवा. आजोबांपासून तिच्यापर्यंत हिस्सा कसा येतो ते तिला वहीत मांडू द्या. उत्तर चुकलं तर तिला एवढंच विचारा, कशाचा निम्मा, आणि तिचं तिला परत करू द्या.